निफाड बाजूची ओळ

हवामान या विषयात आयुष्यभर चुकत राहूनही ज्याच्या शब्दाशिवाय अख्ख्या कॉलनीत एक पापड वाळत नव्हता, असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. इतर लोक काय म्हणायचे ते त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण ज्याला त्याला आपापली वाळवणं प्रिय होती. मी मूळची नांदगावची. नाशिकच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मला आत्याच्या हवाली केलं आणि एस्टी सुटताना खिडकीतून एवढंच सांगितलं, "आतोबा आभाळाबद्दल बोलायला लागले की मान हलवायची, वाद घालायचा नाही." मी पहिल्याच आठवड्यात वाद घातला. त्याची शिक्षा म्हणूनच की काय, पुढं कितीतरी वर्षं त्यांचा अंदाज लोकांना वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आतोबांनी तीस वर्षं सरकारी नोकरी केली, ती पाऊस मोजण्याची. एका तारेच्या कुंपणात एक नळकांडं पुरलेलं असायचं. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यात साचलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओतायचं, किती मिलिमीटर भरलं ते वहीत लिहायचं आणि सही करायची. आता आपल्याकडे पाऊस फार तर चार महिने. बाकीचे आठ महिने दुसरा कुणी असता तर घरी बसून शून्य लिहून मोकळा झाला असता. आतोबा ते आठ महिनेही रोज साडेआठला सायकल हाणत जायचे, कोरडं नळकांडं भांड्यात उपडं करायचे, भांडं डोळ्यांसमोर धरायचे आणि मगच शून्य लिहायचे. "शून्य नुसतं लिहायचं नसतं, मोजून लिहायचं असतं," असं ते म्हणत. एकदा ऐन एप्रिलात, आभाळ लख्ख असताना, भांड्यात दोन मिलिमीटर भरले. आतोबांनी वास घेतला आणि वहीत लिहिलं, "२ मि.मी. शेरा: पाऊस नव्हे, शेळी." वरून खुलासा मागवण्यात आला. त्यांनी खुलाशासोबत शेळीच्या मालकाचा जबाब जोडून पाठवला. त्याची नक्कलप्रत ते मरेपर्यंत ट्रंकेत जपून होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरातली भाड्याची खोली सोडली आणि इंदिरानगरात छोटंसं घर बांधलं. इंदिरानगर तेव्हा नावालाच नगर होतं. दहा-पंधरा घरं, बाकी प्लॉटच्या खुणेचे दगड, बाभळी आणि वारा. रिक्षावाले नाव ऐकताच मान फिरवायचे. या मोकळ्या माळावर आतोबांना आभाळ भरपूर मिळालं, पण नळकांडं सरकारजमा झालं होतं आणि हात रिकामे होते. महिनाभर ते पिंजऱ्यातल्या पोपटासारखे घरात फिरत राहिले. शेवटी मला दया आली. आमच्या शाळेतला एक तडा गेलेला फळा भंगारात निघाला होता, तो मी हेडमास्तरांना सांगून हातगाडीवर घालून घरी आणला. हे पाप माझं आहे, मी ते नाकारत नाही. दुसऱ्याच रविवारी फाटकाशेजारच्या भिंतीवर फळा चढला आणि त्यावर मोत्यासारख्या अक्षरात मथळा उमटला: येत्या आठवड्याचा हवामान अंदाज. मी विचारलं, "आतोबा, तुम्ही तर पडलेला पाऊस मोजायचात. पुढचं कसं सांगणार?" ते म्हणाले, "तीस वर्षं त्याच्या मागून चाललो. आता दोन पावलं पुढं चालून बघतो."

अंदाजाची भाषा मात्र कचेरीतलीच राहिली. "तुरळक ठिकाणी ढग येण्याची शक्यता नाकारता येत नाही." "पाऊस झाल्यास ओलावा संभवतो." चैत्र-वैशाखात लिहिण्यासारखं असतं काय? ऊन आणि ऊन. तरी आतोबा उन्हाचेही प्रकार पाडायचे. नाशिक शहराचं ऊन वेगळं, इंदिरानगरचं वेगळं. "नाशिक शहर: आकाश निरभ्र, दुपारी उष्मा. इंदिरानगर: वरीलप्रमाणे, शिवाय धूळ." त्याखाली नांदगाव बाजू. नांदगाव हे आत्याचं माहेर आणि माझं गाव, त्यामुळे तिथलं हवामान बारा महिने वाईट असायचं. "नांदगाव बाजू: प्रचंड उकाडा, धुळीची वावटळ, पाहुणचाराची शक्यता कमी." आत्या ओलं फडकं घेऊन यायची आणि कुणाशी एक शब्द न बोलता तेवढी ओळ पुसून जायची. आतोबा ती ओळ परत लिहायचे, आत्या परत पुसायची. सोमवारपर्यंत त्या जागी फळा इतका स्वच्छ झालेला असे की बाकीचा फळा मळका वाटे. वर आत्या स्वयंपाकघरातून त्यांच्याच भाषेत सूड घ्यायची. "आज आमटी होण्याची शक्यता नाकारता येत नाही," एवढं म्हणायची आणि पिठलं वाढायची.

कॉलनीतल्या बायका आधी हसल्या, पण मग लागल्या फळ्यापुढं उभ्या राहायला. त्याचं कारण कुरडई. ज्यांनी कुरडया घातल्या नाहीत त्यांना हे कळायचं नाही. गहू तीन दिवस भिजत घालावा लागतो, रोज पाणी बदलावं लागतं, चौथ्या दिवशी वाटून, चीक काढून, शिजवून, सोऱ्यानं घालून कडक उन्हात टाकावा लागतो. म्हणजे बाईनं आज गहू भिजत घातला की ती चौथ्या दिवसाच्या उन्हाला बांधली गेली. मधेच आभाळ आलं तर ना गहू माघारी जातो ना कुरडई पुढं सरकते. तेव्हा चौथ्या दिवसाचं छातीठोक सांगणारा कुणीतरी लागतोच, मग तो चुकणारा का असेना. आतोबा चुकले तर बायका त्यांच्या नावानं चार शब्द बोलायच्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा फळ्यापुढं यायच्या. फक्त आत्या म्हणायची, "मी माझ्या डोळ्यांनी आभाळ बघते, मला फळा लागत नाही." पण गहू भिजत घालायच्या आदल्या संध्याकाळी ती तुळशीला पाणी घालायच्या निमित्तानं फाटकापर्यंत जाऊन यायची, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

अंदाज काढायची आतोबांची साधनं घरभर पसरलेली होती. पहिलं साधन उजवा कोपर. सायकलवरून पडून तो मोडला होता आणि वैद्याच्या मते वाकडा बसला होता, आतोबांच्या मते अचूक बसला होता. कोपर आतून ठणकला तर पश्चिमेचा वारा, बाहेरून ठणकला तर पूर्वेचा. दुसरं साधन आत्याची मिठाची बरणी. दिवसातून तीनदा तिच्यात बोट घालून ते हवेतला दमटपणा पाहायचे आणि बोट चाटायचे, त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना मीठ मात्र हवामानाच्या खात्यावर पोटात जात राहिलं. तिसरं साधन मुंग्या. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की आतोबा उकिडवे बसून मागोमाग सरकायचे. एकदा असेच सरकत सरकत ते शेजारच्या घराच्या मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात पोचले. शेजारीणबाई पोळ्या लाटत होत्या. आतोबांनी मान वर न करता विचारलं, "ह्या तुमच्याकडे नेहमी येतात का?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मुंग्या का तुम्ही?"

चौथं साधन आला-गेला माणूस. आमच्या घरी बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला पाण्याच्या आधी प्रश्न मिळायचा, "तिकडं आभाळ कसं होतं?" मला बघायला मनमाडहून एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी पक्की, आत्यानं पोहे केलेले, मी नवी साडी नेसून आत उभी. आतोबांनी मुलाला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. "चांदवडच्या घाटात वारा कुठून होता?" मुलगा गोंधळला. म्हणाला, "मला जरा डोळा लागला होता." झालं. पाहुणे गेल्यावर आतोबांनी निकाल दिला, "ज्याला रस्त्यातला वारा कळत नाही त्याला संसारात काय कळणार?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढं ज्यांच्याशी माझं लग्न झालं ते इंदिरानगरातलेच, दोन गल्ल्या पलीकडचे. त्यांनी पहिल्याच भेटीत "वारा पश्चिमेचा होता, माझी टोपी उडाली" असं बिनधास्त ठोकून दिलं. ते टोपी घालत नाहीत हे आतोबांना लग्नात कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

हे सगळं मी हसत हसत सोसत होते. मला कोडं पडायचं ते एकाच ओळीचं. फळ्यावर सगळ्यांत आधी, शहराच्याही आधी, ते "निफाड बाजू" लिहायचे, आणि ती ओळ लिहिताना चेष्टा नाही, शेरा नाही, काही नाही. "निफाड बाजू: हवा कोरडी. वारा मंद. द्राक्षबागांस धोका नाही." खडूला नवं टोक काढून, अक्षर जास्तच घोटून. कॉलनीत निफाडचं कुणी नव्हतं. ती ओळ वाचणारी एकच बाई होती, आणि तिला वाचता येत नव्हतं. दर रविवारी सकाळच्या गाडीनं निफाडकडून एक कांदेवाली मावशी यायची. कांदे-लसणाची पाटी फाटकाशी उतरवायची आणि मला हाक मारायची, "बाई, आमच्या बाजूचं काय म्हनतोय फळा?" मी वाचायचे. ती ओठ हलवून दोनदा घोकायची, "हवा कोरडी, वारा मंद," आणि पाटी उचलायची. मला वाटायचं, असेल हिचा वावराचा तुकडा.

एका उन्हाळ्यात आत्या गहू निवडत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं की आतोबांचं निफाडशी नातं काय. आत्या म्हणाली, "हा गहू कुठला आहे? निफाडचाच. यांच्या थोरल्या भावाच्या शेतातला. दरवर्षी पोतं येतं, चिठ्ठी येत नाही." मग तिनं सगळं सांगितलं. आतोबा नोकरीत असताना, एका रविवारी भर दुपारी, दक्षिणेकडून गडगडाट सुरू झाला. आता नाशिकच्या माणसाला दक्षिणेचा गडगडाट नवा नाही. देवळालीकडं तोफांचा सराव चालतो, त्याच्या आवाजानं खिडक्यांची तावदानं वाजतात. पण आतोबा पडले कारकून. त्यांनी कॅलेंडर पाहिलं. रविवार. सरकारी तोफांना रविवारी सुट्टी, म्हणजे हा मेघच. बरं, कोपरही ठणकत होता. मिळेल त्या एस्टीनं ते निफाड गाठते झाले आणि भावाच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "दादा, दोन दिवसांत गारा. माल काढ." बाग अनाबेशाही द्राक्षांची, घड भरलेले, पण साखर भरायला अजून पंधरा दिवस हवे होते. दादांना धाकट्याचा केवढा अभिमान. गावभर सांगायचे, आमचा धाकला पावसाच्या खात्यात हाय. त्यांनी सोमवारी पहाटेपासून घरचे-दारचे सगळे हात लावून दिवस मावळायच्या आत अख्खी बाग उतरवली.

आणि मग महिनाभर आभाळात कापसाएवढा ढग आला नाही. कुणी बडे पाहुणे आले होते म्हणून त्या रविवारी तोफांचा खास सराव झाला होता, हे नंतर कळलं. द्राक्ष काही आंबा नव्हे की अढीत घालून पिकेल. वेलीवरून उतरलं की जसं असेल तसंच राहतं. चिंचेच्या तोंडात मारतील अशी ती द्राक्षं बाजारात कुणी हात लावून बघेना. आतोबांच्या वाट्याला बारा पेट्या आल्या. आत्यानं लोणचं घातलं, चटणी वाटली, आमटीत कोकमाऐवजी घातली, शेवटी पितळेची भांडी घासली. भांडी तेवढी चकाकली. दादा एवढंच म्हणाले, "तुला सरकारनं शून्य मोजाया ठेवलाय, तुला शून्यच कळतंय." तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नकार्यात एकाच पंगतीत पाठीला पाठ लावून बसायचे. "आणि हे वेडे," आत्या म्हणाली, "दर रविवारी भिंतीवर त्यांच्या बागेचं हवामान लिहितात. कुणाला दिसणार आहे?" कुणाला दिसणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. चैत्र संपत आलेला. आतोबांचा कोपर तीन दिवस असा ठणकत होता की त्यांना शर्टाची बाही चढवता येईना. मुंग्या निघालेल्या, मीठ पाझरलेलं, सुगरणीनं बरणीला हात लावू नये इतकं. रेडिओ म्हणत होता, हवा कोरडी राहील. रविवारी सकाळी आतोबा आंघोळ करून खडू घेऊन फळ्यापुढं उभे राहिले ते उभेच. एरवी दहा मिनिटांचं काम. पाऊण तास झाला तरी हात वर जाईना. मी म्हटलं, "लिहा की आतोबा, निफाडचं त्या कांदेवालीशिवाय कोण विचारतंय?" ते माझ्याकडे वळले. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "गुरुवारी गारा आहेत, मास्तरीणबाई. माझं मन सांगतंय. पण मागं मनानं सांगितलं तेव्हा त्याची बाग बुडवली. लिहिलं आणि उडत उडत त्याच्या कानावर गेलं, त्यानं ऐकलं आणि नाही पडल्या, तर जन्मभर तोंड दाखवायला नको. आणि नाही लिहिलं आणि पडल्या, तर?" मग त्यांनी शहर लिहिलं, इंदिरानगर लिहिलं, नांदगावला सुद्धा त्या दिवशी सवलत दिली. सगळ्यांत वर "निफाड बाजू" लिहून पुढची जागा कोरी ठेवली आणि न जेवता आत जाऊन पडले. थोड्या वेळानं कांदेवाली आली. मी म्हटलं, "मावशी, आज तुमच्या बाजूचं काही लिहिलं नाही." ती म्हणाली, "म्हंजी कोरं?" म्हटलं, "कोरं." तिनं माझ्याकडे एकदा, घराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि कांदे न विकताच पाटी उचलून चालू लागली.

सोमवारी माझी सकाळची शाळा. दुपारी घरी आले तेव्हा आत्याच्या कुरडया गच्चीवर निम्म्याशिम्म्या वाळल्या होत्या. फळ्यावर सोमवार "निरभ्र" होता. तीनच्या सुमारास फाटक वाजलं. धोतर, पांढरी टोपी, करकरत्या वहाणा, काखेत छत्री आणि हातात बांबूची करंडी घेतलेला एक म्हातारा आत येत होता. नाक अगदी आतोबांचं. आत्यानं पदर डोक्यावर घेतला आणि तिच्या तोंडून "अगं बाई, दादा" एवढंच निघालं. आतोबा खाटेवर उठून बसले. दादा समोरच्या खुर्चीवर बसले आणि, भाऊ दोन हातांवर असताना, माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या आतोबांना इचारा, निफाडचं का लिहिलं नाय?"

आतोबा मला म्हणाले, "त्यांना सांग, खडू संपला होता."

"खालचं नांदगाव लिहाया खडू व्हता, निफाडलाच संपला व्हय? इचारा."

आतोबा एका दमात म्हणाले, "सांग त्यांना, गुरुवारी गारांची शक्यता नाकारता येत नाही. माल काढायचा तर काढा, नाही तर नका काढू. मी सांगितलं असं म्हणू नका."

दादांनी करंडीवरचं फडकं बाजूला केलं. आत द्राक्षं होती, मधाच्या रंगाची. "माल मागल्या हप्त्यातच गेला. हे शेवटचे घड. पडू दे गारा, लय पडू दे."

आतोबांचं तोंड उघडंच राहिलं. कालपासून ज्या बागेसाठी त्यांनी जेवण सोडलं होतं त्या बागेत पानांशिवाय काही नव्हतं. ते एकदम उसळून भावावरच ओरडले, "मग विचारायला कशाला आलास इतक्या उन्हात?" इतक्या वर्षांत भावाशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य.

दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "पावसासाठी कोन ऐकतंय रं तुझं? ही कांदेवाली आपल्या गावची. दर ऐतवारी येऊन सांगती, निफाडचं आज असं लिहिलंय, तसं लिहिलंय. म्हंजी धाकला उठलाय, आंघोळ केलीय, खडू धराया हात चालतोय. मला तेवढं बास व्हतं. काल म्हनली, निफाडचं कोरं हाय. सारी रात डोळ्याला डोळा नाय लागला."

आत्या पदराला डोळे पुसत आत पाणी आणायला गेली आणि रिकामा तांब्या घेऊन परत आली. मी खांबाला टेकून उभी होते. फाटकाशी उभी राहून मी ज्या ओळी कंटाळत, कधी कधी पुरत्या न वाचताच उरकत होते, त्या कुठं जाऊन पोचत होत्या हे मला तेव्हा कळलं. माझी मलाच लाज वाटली.

आणि तेवढ्यात दक्षिणेकडून गडगडलं. तावदानं वाजली. दोघा भावांनी एकदमच माना वर केल्या.

"मेघ हाय," दादा म्हणाले.

"तोफ आहे," आतोबा म्हणाले.

"मेघ हाय. मला वास येतोय."

"दादा, आज वार कुठला? सोमवार. सोमवारी तोफा असतात. एकदा चुकलो म्हणून जन्मभर चुकेन का?"

आत्या म्हणाली, "अहो, मी कुरडया उचलू का?" आतोबा म्हणाले, "मुळीच उचलू नकोस. तोफ आहे." पुन्हा गडगडलं. "बघ, कसा ठरल्या अंतरानं आवाज येतोय," असं ते म्हणत असतानाच गच्चीवर टपटप सुरू झाली. मग जी धावपळ झाली ती काय सांगू. आत्या पुढं, मी मागं, माझ्यामागं आतोबा एका हातानं कोपर धरून, आणि शेवटी दादा वहाणा हातात घेऊन. दादांनी आपली छत्री उघडली, पण डोक्यावर न धरता खाली वाकून कुरडयांवर धरली. त्या छत्रीखाली मोजून अकरा कुरडया वाचल्या. बाकीच्यांचा पुन्हा चीक झाला. आतोबांना मात्र भान नव्हतं, त्यांनी कठड्यावर स्टीलचा पेला मांडला होता आणि पाऊस थांबल्यावर तो डोळ्यांसमोर धरून म्हणाले, "तीन मिलिमीटर. अंदाजे." दादा भिजून निथळत होते. म्हणाले, "मोजाया येतंय तुला. सांगाया येत नाय." आणि दोघं म्हातारे गच्चीच्या कठड्याला टेकून इतके हसले की शेजारीणबाई बघायला बाहेर आल्या. त्या रात्रीच्या जेवणाला आत्यानं त्या भिजलेल्या कुरडयांची कांदा घालून भाजी केली. द्राक्षं गोड होती. गुरुवारी निफाडला कडकडीत ऊन पडलं.

त्यानंतर फळ्याची शिस्त पार बिघडली. "निफाड बाजू: हवा कोरडी. वारा मंद. दादांनी गुडघ्याला तेल लावावे." पुढच्या रविवारी कांदेवाली उत्तर घेऊन यायची, "दादा म्हनले, गुडघा बरा हाय, तू मिठात बोटं घालू नको." मग आतोबा पुढचा अंदाज लिहायचे, "निफाड बाजू: ढगाळ. दादांनी चहाड्यांवर विश्वास ठेवू नये." आत्या लगेच फडकं घेऊन बाहेर यायची. लग्नानंतर मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, तरी रविवारी फळा वाचायला माझी हजेरी ठरलेली. आता मात्र मी प्रत्येक अक्षर नीट, सावकाश वाचायचे.

दादा गेले ते अशाच एका वैशाखात, दुपारी बागेतच, बसल्या जागी. आतोबा निफाडला दहा दिवस राहून परत आले. आता फळा बंद होईल असं आत्याला आणि मलाही वाटलं. पण रविवारी सकाळी मी गेले तर फळा लिहिलेला होता. शहर, इंदिरानगर, नांदगावची तीच ती वावटळ, आणि सगळ्यांत वर नेहमीच्या घोटीव अक्षरात निफाड. आतोबा आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आत्या म्हणाली, "काही विचारू नकोस त्यांना." इतक्यात फाटकाशी पाटी टेकल्याचा आवाज आला. "बाई," कांदेवाली म्हणाली, आणि थोडं थांबून, सवयीनं म्हणाली, "आमच्या बाजूचं वाच."

मी वाचलं. "निफाड बाजू: आकाश निरभ्र. हवा कोरडी. वारा नाही." त्यापुढं आतोबांच्या हातानं आणखी एक शब्द लिहिला गेला होता आणि त्यांनीच तो तळहातानं पुसला होता. नीट पुसला गेला नव्हता. "दादांनी" एवढं दिसत होतं. ते मी वाचून दाखवलं नाही. मावशीनं ओठ हलवून दोनदा घोकलं, हवा कोरडी, वारा नाही, आणि पाटी उचलून ती नेहमीच्या वाटेनं गेली.